तुझा डावा डोळा

प्रिय शेंडेफळा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत आणि छप्परही जागेवर आहे. मला तुझ्याकडून काही नकोय असं मात्र नाही, पण त्याकडे मी शेवटी येते. फोन का केला नाही? कारण फोनवर मी दोन वाक्यं बोलले की तिसरं तू बोलतोस, आणि एकदा तू बोलायला लागलास की मी मान डोलवत ऐकत बसते. ही माझी खोड तू पाच वर्षांचा असल्यापासूनची आहे. कागदावर तुला मधेच तोंड घालता येत नाही. तेव्हा दार लावून घे, वाचायचा चष्मा लाव (हो, तोच, मी करून दिलेला, जो तू टीव्हीवर जाताना हळूच खिशात सारतोस) आणि शेवटपर्यंत वाच.

आधी इकडची खबरबात. दुकानात काचा घासायचं नवं यंत्र आलं. बाबा एका भिंगासाठी अख्खी सकाळ घालवायचे. हे यंत्र चहाला उकळी येईपर्यंत जोडी हातात ठेवतं. जुनं चाक मी टाकलेलं नाही, कोपऱ्यात आहे आणि त्यावर सध्या एक कुंडी विसावलीय. शेजारचे घड्याळवाले काका आता दुकानात येत नाहीत, त्यांची सून बसते. पट्टे आणि बॅटऱ्या बदलते, आणि कुणी जुनं चावीचं घड्याळ आणलं तर सरळ सांगते, मला यातलं कळत नाही, मामंजींना दाखवून उद्या सांगते. मला ती पोरगी फार आवडते. वहिनीने पाठवलेले हातमोजे अगदी मापाचे बसले, तिला सांग. भाचीच्या दातांची तार निघाली का? निघाली असेल तर हसतानाचा फोटो पाठव म्हणावं, तोंड मिटलेले फोटो पुरे झाले.

आता मुद्द्यावर येते. मागच्या थंडीत तू त्या सकाळच्या कार्यक्रमात गेला होतास. मी दुकानातल्या छोट्या टीव्हीचा आवाज मोठा केला होता. समोर तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांना मी काचा दाखवायच्या सोडून तुलाच दाखवत होते. पहिला अर्धा तास तू ताऱ्यांबद्दल बोललास. मग त्या मुलाखत घेणाऱ्या बाईंनी लाडिकपणे विचारलं, इतकी वर्षं आकाशाकडे बघताय, तुमचे डोळे इतके छान कसे राहिले? आणि तू खुर्चीत मागे रेललास. तू असा रेललास की त्यानंतर काहीही बोलू शकतोस. तू म्हणालास, निसर्गाने दिलेल्या डोळ्याला कुबड्या दिल्या की तो पांगळा होतो. म्हणालास, हल्ली दोन-दोन वर्षांच्या पोरांच्या नाकावर चष्मे चढवतात, डोळ्यांवर पट्ट्या बांधतात. मलाही पाचव्या वर्षी पट्टी बांधली होती, म्हणालास. एके दिवशी मी ती काढली, खिडकीतून भिरकावली आणि पुन्हा कधी बांधली नाही. आज त्याच डोळ्यांनी मी आकाश बघतोय. मी जन्मभर भिंगांशी खेळलेला माणूस आहे, माझ्यावर विश्वास ठेवा. स्टुडिओतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. माझ्यासमोरच्या गिऱ्हाइकांपैकी एकाने नव्या चष्म्याची फ्रेम हळूच खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. मी हसले. आमचं ध्यान लहानपणापासून असंच, म्हटलं. हे हसणं मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढच्या सगळ्यात त्याचा वाटा आहे. दुसऱ्या दिवशी पेपरात त्या मुलाखतीचा फोटो आला तो मी कापला आणि काउंटरच्या वर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा भिंतीवर चिकटवला.

माझ्याकडे एक मुलगी येते. मधे बरेच महिने येत नव्हती, त्याचंच सांगते. तिला मी भिंगरी म्हणते, कारण तपासणीच्या गोल स्टुलावर बसवलं की ती आधी चार गिरक्या घेते आणि मगच तक्त्याकडे बघते. आई शिवणकाम करते. भिंगरीचा उजवा डोळा आळशी आहे. तुला हा शब्द माहीत आहे, पण त्यामागचं किती माहीत आहे याची आता मला खात्री नाही, म्हणून सांगते. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असला की त्यातून मेंदूकडे पुसट चित्र जातं. मेंदू काही दिवस सहन करतो, मग त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. डोळ्याला काही झालेलं नसतं, पण मेंदूच्या दारात त्याला कुणी आत घेत नाही. म्हणून चष्मा द्यायचा आणि चांगला डोळा रोज काही तास झाकून ठेवायचा, म्हणजे मेंदूला दुसऱ्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. मूल लहान असेपर्यंत हे छान जमतं. सात-आठ वर्षांच्या पुढे अवघड होत जातं, आणि मग एक दिवस डॉक्टर म्हणतात, आता आहे हे असं आहे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला पट्टी सांगितली, चष्मा मी केला. पाच महिन्यांत ती तक्त्याच्या सगळ्यात वरच्या अक्षरावरून पाचव्या ओळीपर्यंत उतरली. पाचवी ओळ वाचली त्या दिवशी तिने स्टुलावर इतक्या गिरक्या घेतल्या की शेवटी भोवळ येऊन माझ्याच मांडीवर पडली. आणि मग ती यायची थांबली. मला वाटलं, शाळा असेल, आजारपण असेल, डॉक्टरीणबाईंकडे थेट जात असतील.

आठ महिन्यांनी तिची आई एकटीच दुकानात आली, स्वतःच्या चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून. मी स्क्रू आवळता आवळता विचारलं, भिंगरी कुठे असते हल्ली? बाई खुशीत म्हणाल्या, "मजेत आहे की. पट्टीबिट्टी आता काही नाही. चष्माही सोडवला." मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलं का तसं?" त्या हसल्या. "छे हो, तुमच्या भावाने!" आणि त्यांनी बोट केलं ते माझ्या भिंतीकडे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांना मुलीला घेऊन यायला लावलं. भिंगरी वाढलीय, पुढचे दोन दात पडलेत. तिने गिरक्या घेतल्या. मी तिचा चांगला डोळा झाकला आणि म्हटलं, वाच बघू. तिने वरचं अक्षर वाचलं. दुसरी ओळ चुकत-माकत वाचली. तिसरीपाशी ती थांबली, मग माझ्याकडे वळून अगदी समजूत घालावी तशी म्हणाली, "मावशी, तू दिवा कमी केलायस ना?" दिवा होता तेवढाच होता. तिची आई माझ्या मागे उभी होती, तिला सगळं दिसत होतं. तिने आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला सोपं गेलं असतं. मुलीला बाहेर बाकावर बसवून ती परत आत आली आणि म्हणाली, "तुम्ही का नाही बोललात? आठ महिने? तुमचाच भाऊ ना? फोटो तर वर लावून ठेवलात. मला वाटलं, चष्म्याच्या दुकानातच लावलाय म्हणजे तुम्हालाही पटलेलं असणार."

त्या दोघी गेल्यावर मी स्टुलावर चढून फोटो काढला. मग वह्या काढल्या आणि पट्टी चालू असलेल्या मुलांची यादी केली. त्या मुलाखतीनंतर यायची थांबलेली आणखी चार मुलं निघाली. मी त्यांच्या घरी गेले, एकेका संध्याकाळी एकेका घरी, हातात तक्ता आणि पट्ट्यांचं पाकीट. तीन घरांनी पट्टी पुन्हा सुरू केली. त्यातल्या एका बापाने मला बसायलाही सांगितलं नाही, पण पट्टी घेतली. चौथ्या घरी मुलीचे आजोबा भेटले. निवृत्त शिक्षक, सभ्य माणूस, मला पाणी दिलं, तुझं कौतुक केलं. नात साडेसहा वर्षांची आहे. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "राग मानू नका, पण तुमच्यापेक्षा तुमचे भाऊ जास्त शिकलेले आहेत." मी म्हटलं, शिकलाय हो, पण वेगळ्या वर्गात. ते हसले. पट्टी घेतली नाही. त्यांना जन्माची सवय आहे, वर्गात ज्याचा पहिला नंबर त्याला सगळ्या विषयांतलं येतं अशी.

त्याच आठवड्यात मी तुला फोन केला होता, तुला आठवत असेल. तू गाडीत होतास. तू म्हणालास, "ताई, मी कुणालाही पट्टी सोडा म्हटलेलं नाही. मी माझा अनुभव सांगितला. लोकांनी आपापलं डोकं वापरायला नको का?" मी म्हटलं, वापरलं ना त्यांनी डोकं. त्यांनी विचार केला की एवढा मोठा माणूस उगाच बोलणार नाही. तेव्हा तू जरा चिडलास. "प्रकाश आणि भिंगं हे काय माझ्या विषयाबाहेरचं आहे का?" म्हणालास, आणि मग बोगदा आला की आणखी काय झालं, फोन तुटला. त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडात राहून गेलं होतं, ते आता देते. भिंगापर्यंत प्रकाश कसा येतो आणि भिंगातून कसा वळतो, हे तुझ्याइतकं या जगात फार थोड्यांना कळतं. पण त्याच्या पुढे, डोळ्याच्या मागे, पाच वर्षांच्या पोराच्या डोक्यात त्या प्रकाशाचं काय होतं, हे तू कधी शिकलास? कुठे? कुणापाशी? मला सांग, मी ऐकायला तयार आहे.

मग मी तुझ्या व्याख्यानाला आले. गेल्या महिन्यात, तुमच्या विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहात. तुला सांगितलं नव्हतं. अकराव्या रांगेत, एका लठ्ठ गृहस्थांच्या मागे बसले होते. मला बघायचं होतं, तुझं नेमकं होतं काय. पहिला तासभर मी नुसती फुलून गेले होते. तू त्या दोन ताऱ्यांबद्दल सांगत होतास, एकमेकांभोवती फिरताना ज्यांचा उजेड मधेच मंदावतो. हेच तू मला एकदा स्वयंपाकघरात ताटलीत दोन बटणं फिरवून समजावलं होतंस. तू किती जपून बोलत होतास! बहुधा, म्हणत होतास. अजून खात्री नाही, म्हणत होतास. आम्ही तीन वर्षं आधी स्वतःचीच चूक शोधत होतो, मग कुठे तोंड उघडलं, म्हणालास. माझ्या शेजारची बाई म्हणाली, केवढा नम्र माणूस! मी सांगणारच होते की हा माझा भाऊ, इतक्यात प्रश्नोत्तरं सुरू झाली. पहिले दोन प्रश्न ताऱ्यांवर होते. तिसरा एका आजींचा, गुडघ्यांवर. तू उत्तर दिलंस. मग झोप किती तास घ्यावी, ते सांगितलंस. मुलांनी हाताने लिहावं की नाही, ते सांगितलंस. एका तरुणाने चक्क लग्न ठरवताना काय बघावं ते विचारलं, आणि तू, ज्याचं लग्न आईने आणि मी मिळून ठरवलं आणि जो मुलगी बघायला एका पायात काळा आणि दुसऱ्यात तपकिरी मोजा घालून गेला होता, तू पाच मिनिटं बोललास. हशा पिकला, टाळ्या पडल्या. पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं. ज्यातलं तुला सगळ्यात जास्त कळतं त्यात तू चाचपडत, दहादा मागे वळून बघत बोलतोस. आणि ज्यातलं काही कळत नाही त्यात तुझ्या तोंडी एकही 'बहुधा' येत नाही. त्या दोन तासांत 'मला माहीत नाही' हे तू फक्त ताऱ्यांबद्दल म्हणालास.

मी तुला दोष देते आहे असं समजू नकोस, किंवा समज, थोडा देतेच आहे. पण कसं होतं ते मला कळलं. आजी किती आशेने बघत होत्या तुझ्याकडे! अशा माणसाला नाही म्हणणं तुला जड जातं. लोक विचारतात, तुला बरं वाटतं, तू देतोस. तू दुष्ट नाहीस, तुला नाही म्हणता येत नाही, एवढंच. आणि व्याख्यान संपल्यावर मी आणखी एक बघितलं. मंचावरून उतरताना तीन पायऱ्या होत्या. तिसरी तुला दिसली नाही. पाय हवेत पडला, संयोजकांनी दंड धरला म्हणून सावरलास. लोक कौतुकाने हसले, बघा, स्वारी अजून आकाशातच आहे. मी हसले नाही. एकाच डोळ्याने बघणाऱ्याला खोली नीट कळत नाही, पायरी कुठे संपते ते कळत नाही. तू कपात चहा ओततोस तो बशीत का जातो, लहानपणी तुला चेंडू कधीच का झेलता आला नाही, जेवायला तू नेहमी टेबलाच्या डाव्या टोकालाच का बसतोस, हे सगळं मला माहीत आहे. तुझा डावा डोळा तक्त्याचं वरचं मोठं अक्षरसुद्धा वाचत नाही. मागच्या वेळी चष्मा करताना मीच तपासलाय. तू म्हणालास, जाऊ दे ग ताई, उजवा आहे ना झकास. आणि मी जाऊ दिलं.

आता ते सांगते जे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, तुलासुद्धा नाही. तू पट्टी खिडकीतून भिरकावली नव्हतीस. तुला तसं आठवतं, कारण तुला तसं आठवायला आवडतं, आणि पाच वर्षांच्या पोराने असं काही केलं असतं तर मलाही आवडलं असतं. पण ते तसं झालं नाही. आई कामावरून सहाला यायची, बाबा खाली दुकानात. शाळेतून आल्यापासून आई येईपर्यंत तू माझ्या ताब्यात. मी अकरा वर्षांची. चार तास उजवा डोळा झाकायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांनी स्वतःच्या हाताने तुझं डावं भिंग घासलं होतं, पुन्हा पुन्हा मोजून. मी पट्टी बांधली की तू खुर्चीला धडकायचास, चित्रांचं पुस्तक नाकाला लावायचास आणि मग रडायचास. आरडाओरडा नाही, नुसतं मुळूमुळू. ताई, चित्रं गेली, म्हणायचास. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पट्टी काढली. मी काढली. जिन्यावर बाबांची चाहूल लागली की पटकन परत बांधायची, आणि बाबा विचारायचे, नीट ठेवली ना ग? मी म्हणायचे, हो बाबा. हे जवळजवळ तीन वर्षं चाललं. तू गप्प राहायचास कारण तुला चित्रं बघायला मिळायची, मी गप्प राहायचे कारण तू रडायचा थांबलास आणि घरात मी सगळ्यांची लाडकी होते. दर वेळी डॉक्टर म्हणायचे, सुधारणा नाही, आणखी सहा महिने बघू. तू आठ वर्षांचा झालास तेव्हा त्यांनी बघणं सोडून दिलं.

बाबांना वाटलं, भिंग चुकलं. आपल्याच हातून चुकलं. ते कुणाला बोलले नाहीत, पण मी त्यांना दुपारी दुकान मिटल्यावर ते छोटं भिंग मोजताना बघितलंय, तू कॉलेजात गेलास तरी. बाबा गेल्यावर खणात एका डबीत ते मला सापडलं. तोवर मी स्वतः शिकले होते, माझ्याकडे मोजायचं यंत्र होतं. मी मोजलं. बिनचूक होतं, केसाचाही फरक नाही. मी ती डबी हातात घेऊन दुकानाची फळी लावली आणि आत बसून राहिले. तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. तुझ्या त्या वर्षीच्या पुरस्काराची गडबड होती, मी स्वतःला म्हटलं, आता कशाला. आठ महिने का नाही बोललात, असं ती आई विचारते. तिला काय सांगू, मी तर हे त्याच्या कितीतरी पट जास्त काळ गिळून बसले होते.

असो. रडगाणं गाण्यासाठी मी हे लिहीत नाहीये, आणि खरं सांगायचं तर लिहून झाल्यावर मला चांगलीच भूक लागलीय. भिंगरीचं सांगते. तीन महिने झाले, पट्टी रोज चालू आहे, आईने शिवणयंत्रावर घड्याळ ठेवून वेळ लावलीय. परवा ती तिसरी ओळ पुरी वाचून गेली आणि चौथीतली दोन अक्षरं. डॉक्टरीणबाई म्हणतात, गेलेलं सगळं परत येईल की नाही सांगता येत नाही, पण अजून वेळ आहे. भिंगरीने मला विचारलं, मावशी, दिवा पुन्हा मोठा केलास का? मी म्हटलं, नाही, तू मोठा केलास. तिची आई अजून माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते. मी तक्रार करत नाही. पण आजोबांची नात अजून पट्टीशिवाय फिरते आहे. मी मधे दोनदा जाऊन आले. आजोबा प्रत्येक वेळी पाणी देतात आणि प्रत्येक वेळी एकच विचारतात, "मग तुमच्या भावांचा डोळा पट्टी फेकूनही बरा कसा झाला?" आणि मी प्रत्येक वेळी पाणी पिऊन परत येते. जी मुलं माझ्याकडे येतात त्यांना मी शोधू शकले. तुला बघून ज्यांनी पट्ट्या सोडल्या आणि ज्यांना मी ओळखतही नाही, त्यांच्या घरी तक्ता घेऊन मी कशी पोचणार?

तर आता, हे पत्र का. त्या सकाळच्या कार्यक्रमातून मला फोन आला. मोठ्या माणसांच्या घरच्यांवर त्यांची मालिका आहे, तुझी बहीण म्हणून या, लहानपणीचे फोटो आणा, म्हणाले. मी सांगितलं, येईन, पण फोटो नाही, पट्टी आणि तक्ता घेऊन येईन, आणि माझा भाऊ डोळ्यांबद्दल जे बोलला ते चूक आहे असं सांगेन. फोनवरच्या बाई म्हणाल्या, मग तर याच. पुढच्या महिन्याच्या सोळा तारखेला सकाळी नऊला. हे तुला टीव्हीवरून कळू नये, माझ्याकडून कळावं. मी जाणार हे ठरलं आहे आणि तुझं नाव घेणार हेही ठरलं आहे, त्याला मी परवानगी मागत नाही. पट्टी मी सोडली हेही सांगायचा माझा विचार आहे, ती माझी चूक आहे. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न तुझ्या डाव्या डोळ्याचा येणार, आणि तो डोळा तुझा आहे. इतक्या वर्षांत मी कुणाच्या डोळ्यातलं कुणाला सांगितलेलं नाही. तुझंही तुझ्या होकाराशिवाय सांगणार नाही. नाही म्हणालास तर मी भावाच्या डोळ्याचा विषय काढणार नाही, नुसतं पट्टीवर बोलेन, काही लोक ऐकतील, आजोबा ऐकणार नाहीत. हो म्हणालास तर तेही ऐकतील असं मला वाटतं. आणि खरं विचारशील तर मला तुझा होकारसुद्धा नकोय, मला तू हवा आहेस. त्या दिवशी माझ्याबरोबर ये. काही बोलू नकोस, बोलण्यात तू मला हरवतोस. नुसता खुर्चीत बस, हाताने उजवा डोळा झाक, आणि मी तक्ता धरते, तो सगळ्यांसमोर वाचायचा प्रयत्न कर.

हो म्हटलंस तरी आणि नाही म्हटलंस तरी तुझीच,
ताई